ताटावरचे बोलणे : 'अमेरिकन हिस्टरी एक्स'

घरात रात्रीची जेवणे चालली आहेत. वडील अग्निशामक दलात नोकरीला आहेत. थोरला मुलगा शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांचे कौतुक सांगतो आहे आणि धाकटा नुसता ऐकतो आहे. शिक्षक कृष्णवर्णीय आहेत, दोनदा डॉक्टरेट मिळवलेले आहेत आणि त्यांनी वर्गाला रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी वाचायला लावली आहे. वडील आवाज चढवत नाहीत. आपल्या दलात कमी गुण मिळवलेल्या दोन कृष्णवर्णीयांना कशी नोकरी मिळाली, आगीत शिरताना पाठीशी कोण उभा आहे यावर आपला जीव कसा अवलंबून असतो, हे ते समजुतीच्या सुरात सांगतात आणि बोलता बोलता कृष्णवर्णीयांसाठीची एक शिवी मीठ मागावे इतक्या सहजपणे वापरून जातात. मुलगा आधी थोडा अडखळतो, मग वडिलांचे पटल्यासारखी मान डोलावतो. धाकट्याचे जेवण चालूच असते.

टोनी के यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि डेव्हिड मॅकेना यांनी लिहिलेल्या १९९८ सालच्या 'अमेरिकन हिस्टरी एक्स' या अमेरिकी चित्रपटात हे दृश्य फार उशिरा, शेवट जवळ आल्यावर येते. तोवर आपण एक अमानुष खून पाहिलेला असतो, किराणा दुकानावरचा हल्ला पाहिलेला असतो, तुरुंगही पाहून झालेला असतो, आणि या सगळ्याचे कारण वडिलांची हत्या हेच असावे, असे आपण मनाशी धरून बसलेलो असतो. त्या समजुतीला हे साधे कौटुंबिक दृश्य हलकेच धक्का देते. महाविद्यालयात असताना मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला होता, तेव्हा मला त्यातली ती कुप्रसिद्ध लाथ तेवढी आठवत राहिली. गेल्या महिन्यात सोलापूरच्या घरी एकोणीस वर्षांच्या पुतण्याबरोबर तो पुन्हा पाहिला. हे परीक्षण त्या दुसऱ्या पाहण्याचे आहे.

कथा लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीच भागात राहणाऱ्या विनयार्ड कुटुंबाची आहे. अमली पदार्थांच्या अड्ड्यावर लागलेली आग विझवताना वडिलांना गोळी घालून मारले जाते. थोरला मुलगा डेरेक हुशार आहे, वक्ता आहे. तो कॅमेरॉन अलेक्झांडर नावाच्या एका प्रौढ, धूर्त माणसाच्या हाती लागतो आणि परिसरातल्या सैरभैर गोऱ्या पोरांची मुंडण केलेली नव-नाझी टोळी उभी करतो. वडिलांनी दिलेला ट्रक चोरायला आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांवर तो गोळ्या झाडतो आणि जखमी होऊन पडलेल्या एकाला फुटपाथच्या कडेवर लाथ घालून ठार मारतो. तीन वर्षांची शिक्षा भोगून तो बाहेर येतो, त्या दिवशी चित्रपट सुरू होतो. त्याच दिवशी धाकट्या डॅनीने हिटलरच्या आत्मचरित्राचे गुणगान करणारा निबंध लिहिल्यामुळे त्याला मुख्याध्यापकांपुढे उभे केलेले असते. हे मुख्याध्यापक डॉ. स्वीनी म्हणजेच एकेकाळी डेरेकला इंग्रजी शिकवणारे शिक्षक. ते डॅनीला शाळेतून काढून टाकत नाहीत; तुझ्या भावाच्या आयुष्यावर नवा निबंध लिहून उद्या सकाळी आणून दे, असे सांगतात. चित्रपटाचे नाव म्हणजे डॅनी हा एकच विद्यार्थी असलेल्या स्वीनींच्या या वर्गाचे नाव आहे.

म्हणजे वर्तमानकाळाची कथा जेमतेम एका दिवसाची आहे आणि बाकी सगळे डॅनीच्या निबंधातून उलगडत जाते. वर्तमान रंगीत आणि भूतकाळ कृष्णधवल, अशी विभागणी आहे. त्या काळात डेरेकला माणसांचे दोनच रंग दिसत होते, असा तिचा सोपा अर्थ लावता येईल, आणि तो चुकीचाही ठरणार नाही. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक जाणवली. कृष्णधवल दृश्ये रंगीत दृश्यांपेक्षा फार देखणी आहेत: संथ गतीने उडणारे पाण्याचे थेंब, बास्केटबॉलच्या मैदानावरचे घामाने चकाकणारे खांदे, अटकेच्या वेळी डोक्यामागे हात नेऊन धाकट्या भावाकडे पाहून हसणारा डेरेक. ही आठवण डॅनीची आहे, आणि धाकट्या भावाच्या आठवणीत थोरला भाऊ नेहमीच असा असतो. छायाचित्रण दिग्दर्शकाने स्वतःच केले आहे, त्यामुळे ही निवड जाणीवपूर्वक झाली असणार. तिची किंमतही चित्रपटाला मोजावी लागली आहे. तिच्याकडे पुढे येतो.

एडवर्ड नॉर्टनच्या अभिनयाबद्दल इतके लिहून झाले आहे की मी थोडक्यात आटोपतो. या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले आणि पुरस्कार 'लाइफ इज ब्युटिफुल'साठी रोबेर्तो बेनिन्यीला गेला. योगायोग असा की त्या चित्रपटातही पार्श्वभूमीला नाझींचा छळच होता. नॉर्टनने या भूमिकेसाठी शरीर कमावले हे दिसतेच, परंतु त्याचे खरे काम आवाजात आहे. तुरुंगात जाण्यापूर्वीचा डेरेक वाक्य पूर्ण होण्याआधीच पुढच्या वाक्याची तयारी करून ठेवतो, तर बाहेर आलेला डेरेक प्रत्येक उत्तराआधी क्षणभर थांबतो. एडवर्ड फरलाँगचा डॅनी त्या मानाने एकसुरी वाटतो. मात्र वय वर्षे सोळा-सतराचा, ऐकीव मतांवर पोसलेला मुलगा असाच असेल, हेही खरे. बेव्हर्ली डी'अँजेलोने केलेली आई सतत सिगारेट ओढणारी, खोकणारी, घर हातातून निसटताना हताशपणे पाहणारी आहे आणि तिला याहून जास्त जागा मिळायला हवी होती. एव्हरी ब्रुक्सचा स्वीनी प्रसंगी प्रवचनकार होतो, तरी त्याचा एक प्रश्न विसरता येत नाही. तुरुंगातल्या रुग्णालयात पडलेल्या डेरेकला तो विचारतो की, तू आजवर जे काही केलेस, त्यातल्या कशाने तुझे आयुष्य जरा तरी बरे झाले का? डेरेकला रडू फुटते.

चित्रपटात जेवणाचे आणखी एक दृश्य आहे आणि ते वडिलांच्या दृश्याइतकेच महत्त्वाचे आहे. वडील गेल्यानंतर आईची मैत्री डॅनीचे इतिहासाचे ज्यू शिक्षक मरे यांच्याशी होते आणि ते घरी जेवायला येतात. बोलण्याचा ओघ रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला १९९१ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी केलेल्या मारहाणीकडे आणि त्या पोलिसांची सुटका झाल्यावर १९९२ साली उसळलेल्या दंगलीकडे वळतो. डेरेक आकडे फेकू लागतो. दर तीन कृष्णवर्णीय पुरुषांमागे एकजण तुरुंग, खटला किंवा तत्सम कशात तरी अडकलेला आहे, तो म्हणतो, मग हा योगायोग म्हणायचा की या लोकांच्या वंशातच गुन्हेगारीची ओढ आहे? बहीण वाद घालते तेव्हा तो तिचे केस धरून तिच्या तोंडात ताटातले मांस कोंबतो आणि नंतर सदरा काढून छातीवर गोंदवलेले स्वस्तिक मरे यांना दाखवतो.

त्या 'वंशातच' या शब्दाला मी चित्रपट थांबवला नाही, पण मनाने मी तिथेच थांबलो, आणि याचे कारण सोलापुरी आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने काही जमातींतली माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरली. त्यांना डांबून ठेवण्यासाठी ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांतली एक मोठी वसाहत आमच्या गावात होती. तारेचे कुंपण, दररोजची हजेरी, बाहेर जायचे तर परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' म्हटले जाऊ लागले, परंतु गावाने त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणणे सोडले नाही. माझे आजोबा गिरणीत कामाला होते. शेजारच्या पद्मशाली कुटुंबाशी तेलुगूत, समोरच्या वाण्याशी कन्नडमध्ये बोलणारे, कोणाच्याही अडचणीला रात्री-अपरात्री धावून जाणारे ते गृहस्थ होते. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मला नेऊन मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी एकाच दिवशी कसे फाशी दिले, हे डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. त्याच आजोबांनी एकदा कडक भाकरी चुरता चुरता मला सांगितले होते, "सेटलमेंटकडच्या पोरांत लई मिसळू नको, बाळा. त्यांच्या रक्तातच असतंय ते."

अमेरिकेतला वर्णद्वेष आणि आपल्याकडचे जातींचे व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे इतिहास वेगळे आहेत आणि एकाचे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडायचा उद्योग मी करणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की डेरेकचा तर्क ऐकताना मला तो परका वाटला नाही. तो माझ्या कानांवरून गेलेला होता; फरक इतकाच की आजोबांनी तो कधी व्यासपीठावरून मांडला नव्हता.

आता चित्रपट या तर्काला काय उत्तर देतो ते पाहावे, कारण माझ्या मते त्याची सगळी ताकद आणि सगळी जोखीमही इथेच आहे. जेवणाच्या टेबलावर डेरेकला उत्तर मिळत नाही. मरे गोंधळलेले, सभ्य आणि निष्प्रभ आहेत; बहिणीचे म्हणणे बरोबर आहे, पण तिला बोलूच दिले जात नाही. वादात डेरेक सरळसरळ जिंकतो. उत्तर येते ते बऱ्याच वेळाने, तुरुंगाच्या धुलाईखान्यात, चादरींच्या घड्या घालताना. तिथे त्याच्या जोडीला लॅमाँट नावाचा एक बडबड्या कृष्णवर्णीय कैदी आहे. सुरुवातीला डेरेक त्याच्याशी बोलतही नाही. मग हळूहळू विनोद, बास्केटबॉल, बायका असे विषय निघत जातात आणि एके दिवशी डेरेक विचारतो की तू इथे कशासाठी आलास. लॅमाँटने एक टीव्ही चोरला होता. पोलिसाने दंड धरला तेव्हा तो टीव्ही हातातून सुटून पोलिसाच्या पायावर पडला. पोलिसाने सांगितले की याने तो माझ्यावर फेकला. शिक्षा झाली सहा वर्षांची. खून केलेल्या डेरेकची शिक्षा तीन वर्षांची. चित्रपट या दोन आकड्यांवर एक शब्दही खर्च करत नाही, कोणी भाषण करत नाही, पार्श्वसंगीत उसळत नाही. डेरेकच्या चेहऱ्यावरचे हसू तेवढे मावळते. जेवणाच्या टेबलावर ज्या आकड्याने त्याने सगळ्यांना गप्प केले होते, तो आकडा कसा तयार होतो, हे त्याला घडी घालत असलेल्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले दिसते. पटकथालेखक मॅकेना यांची मला सर्वांत जास्त दाद द्यावीशी वाटते ती इथे.

तुरुंगातच त्याला हेही दिसते की छातीवर तेच चिन्ह गोंदवून फिरणारे त्याचे वंशबंधू अमली पदार्थांच्या धंद्यात मेक्सिकन टोळीशी बिनदिक्कत हातमिळवणी करतात. तो त्यांच्यापासून दूर होतो आणि त्याची शिक्षा म्हणून स्नानगृहात त्याच्यावर बलात्कार होतो. हे दृश्य पाहणे कठीण आहे. यानंतर कृष्णवर्णीय कैदी आपला जीव घेतील अशी त्याची खात्री असते, पण कोणी हात लावत नाही, आणि सुटकेच्या दिवशी त्याच्या लक्षात येते की आपण जिवंत आहोत ते लॅमाँटने शब्द टाकला म्हणून.

आता तक्रारी. पहिली तक्रार लॅमाँटबद्दलचीच आहे. गाय टॉरीने तो इतका लोभस केला आहे की त्याचे पुढे काय झाले हे जाणून घ्यावेसे वाटते, पण चित्रपटाला त्याच्याशी कर्तव्य उरत नाही; गोऱ्या नायकाला माणसात आणण्याचे काम झाले की तो पडद्यावरून नाहीसा होतो. एकाही कृष्णवर्णीय पात्राचे घर आपल्याला दिसत नाही, त्यांच्या जेवणाचे टेबल दिसत नाही. फुटपाथवर मारल्या गेलेल्या तरुणाची आई होती का, भाऊ होता का, त्या घरात नंतर कोण काय बोलले, हे विचारण्याचे भान दोन तासांत कोणालाही राहत नाही. द्वेष कुटुंबातून कसा वाहतो हे सांगणाऱ्या चित्रपटाने एकाच रंगाची कुटुंबे दाखवावीत, ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुसरी तक्रार त्या देखणेपणाची. डेरेकची भाषणे लेखनदृष्ट्या फारच चांगली आहेत आणि ती ज्या ताकदीने चित्रित झाली आहेत, त्या ताकदीचे उत्तर चित्रपटात नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे उत्तर शब्दांत दिलेलेच नाही. जो प्रेक्षक पूर्ण चित्रपट पाहील त्याला ते धुलाईखान्यात सापडेल. परंतु आजकाल यूट्यूबवर अशा भाषणांचे तुकडे सुटे पाहायला मिळतात आणि तुकड्यात धुलाईखाना येत नाही. पुतण्याने मला मधेच सांगितले की यातले दुकानावरच्या हल्ल्याआधीचे भाषण त्याने पूर्वीच मोबाइलवर पाहिले होते आणि तेव्हा त्याला तो 'हिरो' वाटला होता. हा दोष दिग्दर्शकाच्या माथी पूर्णपणे मारता येत नाही, पण अ‍ॅन डडली यांच्या धीरगंभीर संगीतावर ते उघडे, गोंदलेले शरीर संथ गतीने वळताना दाखवले नसते तर बिघडले नसते.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा जास्त चुटपुट आहे. तुरुंगातले परिवर्तन घाईत उरकले आहे. इतक्या वर्षांचे विष काही विनोदांनी, एका अत्याचाराने आणि एका प्रश्नाने उतरते, हे नॉर्टनच्या चेहऱ्यामुळे पटते, पटकथेमुळे नाही. या घाईमागे कदाचित संकलनाच्या खोलीतले भांडणही असेल, कारण अंतिम संकलनावरून टोनी के आणि निर्मितिसंस्था यांच्यात जाहीर वाद झाला, नॉर्टनने संकलनात घातलेला हात दिग्दर्शकाला मान्य नव्हता, आणि वैतागून के यांनी श्रेयनामावलीत आपल्याऐवजी 'हम्प्टी डम्प्टी' असे नाव घालावे अशी मागणी केली, जी फेटाळली गेली. आपण पाहतो तो ११९ मिनिटांचा चित्रपट दिग्दर्शकाने नाकारलेला आहे. असे असूनही तो एकसंध वाटतो, याचे मला आश्चर्य वाटते.

शेवट ज्यांना आधी कळून घ्यायचा नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सुटून आल्यावर डेरेक डॅनीला तुरुंगातले सगळे सांगतो. दोघे भाऊ मिळून खोलीच्या भिंतीवरची ती चित्रे आणि झेंडे एकेक करून उतरवतात. मग अंघोळ करून आरशापुढे उभा राहिलेला डेरेक छातीवरचे स्वस्तिक तळहाताने झाकून पाहतो. ते पूर्ण झाकले जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॅनीला शाळेपर्यंत सोडतो आणि शाळेच्या स्वच्छतागृहात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी, आदल्या दिवशीच्या एका क्षुल्लक चकमकीचा सूड म्हणून, डॅनीला गोळ्या घालतो. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तीत वाल्या घरी जाऊन विचारतो की माझ्या पापात कोण वाटेकरी होणार, आणि घरचे सगळे नाही म्हणतात. इथे डेरेकने कोणाला विचारले नव्हते, धाकट्याने नाही म्हटले नव्हते, आणि वाटा त्याच्याच पदरात पडला. त्याचा निबंध मात्र लिहून झालेला असतो. तो लिंकन यांच्या पहिल्या अध्यक्षीय भाषणातल्या, आपण शत्रू नाही, मित्र आहोत, या आवाहनाने संपतो. अनेकांना हा शेवट गोड, शाळकरी वाटला आहे. मला तसे वाटले नाही. ते भाषण ४ मार्च १८६१ चे आहे, आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले होते. डॅनीला त्याच्या इतिहासाच्या शिक्षकांनी हे शिकवले असणारच.

चित्रपट केवळ प्रौढांसाठी आहे आणि ही सूचना औपचारिक समजू नये. खून, बलात्कार आणि शिव्या यांतले काहीही सूचकतेने दाखवलेले नाही. इंग्रजी उपशीर्षके लावून पाहिला तर बरे, कारण डेरेक फार भरभर बोलतो. एका बैठकीत पाहावा. आमच्याकडे जेवणे आटोपल्यावर साडेनऊला लावला आणि संपेपर्यंत पावणेबारा झाले, कारण शेवटच्या टप्प्यात पुतण्याने रिमोट घेऊन एक दृश्य मागे नेऊन दोनदा पाहिले. त्यात वडील ताटावर बसून बोलत होते आणि थोरला मान डोलावत होता; पुतण्या मात्र कोपऱ्यात जेवणाऱ्या धाकट्याकडे पाहत होता.